आजोबा म्हणाले, ‘आज अंघोळ नको’

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी २७ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स. मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात नोकरी, सध्या मेल मेडिकल वॉर्डला. नाईट ड्यूट्या सांभाळून ती जर्मन शिकली आणि भाषेची बी-टू पातळीची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली. गेल्या महिन्यात एजन्सीमार्फत श्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलने व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. भाषेत ती कुठे अडखळली नाही. त्यात दोन प्रश्न आले. ७८ वर्षांचे पेशंट ‘आज अंघोळ नको’ म्हणाले तर काय कराल? तिने सांगितलं, ‘समजावीन, नाही ऐकलं तर मुलाला बोलावून घेईन.’ डॉक्टरांनी लिहिलेला डोस जास्त वाटला तर? ‘डॉक्टरांनी विचार करूनच लिहिला असेल, तरी इन्चार्ज सिस्टरना विचारीन.’ चार दिवसांनी एजन्सीचा मेसेज आला: भाषा उत्तम, पण तिथल्या कामाच्या संस्कृतीची जाण कमी, तीन महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करा. खाली त्याच एजन्सीच्या दोन दिवसांच्या ‘कल्चर ट्रेनिंग’ची जाहिरात, फी ४०,००० रुपये. बॅचमधली जतकडची मैत्रीण, जिचं व्याकरण अजून कच्चं आहे, ती मात्र निवडली गेली. ‘तिने दोनदा प्रश्न परत विचारला, आजोबांना का नको ते विचारीन एवढंच म्हणाली, आणि तरी तीच सिलेक्ट!’ वडील म्हणतात, त्यांना आपली माणसं नकोच असतात. भाऊ म्हणतो, भाषा येते ना, बाकीचं तिकडे गेल्यावर येईल. तिचे प्रश्न तीन: जर्मन शिकले ते वाया गेलं का? हा कोर्स करू का? आणि तिकडे टिकायचं तर मला माझा स्वभावच बदलावा लागणार का?

प्रिय सिस्टर,

वाया गेल्याचं आधी मनातून काढ. नर्स म्हणून तिथली मान्यता मिळवायची तर बी-टू सहसा लागतंच. ते नसतं तर ते दोन प्रश्न तुला नीट कळलेही नसते.

मला तुझ्या पत्रात खटकलं ते वेगळंच. मैत्रिणीबद्दल लिहिताना तू ‘आणि तरी’ म्हणतेस. तिने प्रश्न परत विचारला, आणि तरी निवड झाली. मला वाटतं, परत विचारला म्हणूनच झाली असेल. ‘मला कळलं नाही, पुन्हा सांगाल का?’ असं नवख्या ठिकाणी, मोठ्या माणसांपुढे, न लाजता म्हणणारी नर्स त्यांना हवी असते. कारण वॉर्डात न समजता मान हलवणारी माणसं फार महागात पडतात. आपल्याकडे असं परत विचारणं म्हणजे लक्ष नव्हतं अशी कबुली. तिथे ते जबाबदारीचं लक्षण. शब्द तुम्हा दोघींना येत होते. ते कुठे वापरायची मुभा आहे, हे तिला ठाऊक होतं किंवा तिच्या अंगातच होतं.

आता तुझी दोन उत्तरं. ती मिरजेत बरोबर आहेत, हे मी मुद्दाम सांगते, कारण तू स्वतःला फार झोडपून घेतलंयस. मी बरीच वर्षं नर्सिंग शिकवलं आहे, मिरजेचे वॉर्ड मला माहीत आहेत. १८९० च्या दशकात मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून अथणी, चिकोडी, जमखंडी, जत, सांगोला असा सगळा मुलूख उपचाराला मिरजेत येतो. पेशंट एकटा येत नाही, घर येतं. थर्मास घेऊन चहा आणायला एक जण, मेडिकलमधून औषधं आणायला एक, पायाशी बसायला एक. अंग पुसायचं ते सुनेने नाहीतर वॉर्डातल्या मावशीने. बिल मुलगा भरतो, ऑपरेशनला सही मुलगा करतो, रिपोर्ट वाईट आला तर डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन सांगतात आणि मुलगा म्हणतो, ‘आण्णांना यातलं काही कळू देऊ नका.’ अशा ठिकाणी आजोबा अंघोळीला नाही म्हणाले तर मुलाला हाक मारणारी नर्स शहाणीच. अधिकार कुणाकडे आहे ते ती ओळखते.

जर्मनीत तो अधिकार मुलाकडे नाही. शुद्धीवर असलेल्या, समज असलेल्या प्रौढ माणसाच्या शरीराबद्दलचा निर्णय त्याचा त्याने घ्यायचा. त्याला बोलता येईनासं झालं, तर त्याने आधी लिहून ठेवलेली इच्छा बघायची. या लेखी इच्छापत्राला तिथे २००९ पासून कायद्याचा स्पष्ट आधार आहे. किंवा त्याने लेखी मुखत्यारपत्र ज्याला दिलंय त्याला विचारायचं, तेही नसेल तर न्यायालयाने नेमलेल्या माणसाला. मुलगा आहे म्हणून मुलाला आपोआप काही मिळत नाही. अगदी नवरा-बायकोलाही २०२३ पर्यंत एकमेकांच्या वतीने उपचारांचा निर्णय घ्यायचा आपोआप हक्क नव्हता. तो आता मिळाला, तोही अडचणीच्या वेळेपुरता, सहा महिन्यांच्या मर्यादेत. शिवाय पेशंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय नातेवाइकांना सांगणं हा तिथे फौजदारी गुन्हा ठरू शकतो.

आता तुझं वाक्य त्यांच्या कानांनी ऐक. ‘मुलाला बोलावून घेईन.’ तू काळजीने बोललीस. त्यांना ऐकू आलं की ही नर्स पेशंटच्या डोक्यावरून जाईल. वाक्यात व्याकरणाची एक चूक नव्हती, म्हणून तर अर्थ अगदी स्वच्छ पोहोचला. भाषा कच्ची असली की समोरचा सांभाळून घेतो, ‘तिला तसं म्हणायचं नसेल’ असं धरून चालतो. भाषा पक्की असली की तो शब्दाला धरतो. बी-टू झालेल्या मुलींना हे कुणी सांगत नाही.

मग काय म्हणायला हवं होतं? मैत्रीण म्हणाली तेच. का नको, ते विचारायचं. थंडी वाजत असेल, कालपासून कंबर दुखत असेल, तरुण बाईसमोर कपडे काढायची लाज वाटत असेल, किंवा आयुष्यभर एक दिवसाआड अंघोळ करत आले असतील. मग पर्याय द्यायचा: फक्त हात-तोंड धुऊ या का? दुपारी करू या का? तरी नकोच म्हणाले तर नको. आणि नोंद करायची, म्हणजे पुढच्या शिफ्टची नर्स सकाळी तेच घेऊन त्यांच्या डोक्याशी उभी राहणार नाही.

डोसच्या प्रश्नात मी तुला जरा टोकणार आहे. तिथे तू जे उत्तर दिलंस ते आपल्याही पुस्तकात नाही. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे जीएनएमच्या पहिल्याच वर्षी घोकून घेतलं जातं. शंका आली तर विचारल्याशिवाय द्यायचं नाही हेही. पण राउंडला सर पुढे, मागे रेसिडेंट, त्यामागे फाईल घेतलेली सिस्टर, अशी रांग चालू लागली की पुस्तक कपाटात राहतं. तू मुलाखतीत वॉर्डातलं उत्तर दिलंस, वर्गातलं नाही. जर्मनीत औषध लिहिण्याची जबाबदारी डॉक्टरची आणि ते प्रत्यक्ष देण्याची जबाबदारी देणाऱ्या नर्सची, अशी सरळ वाटणी आहे. चुकीचा डोस दिलास तर ‘सरांनी लिहिला होता’ हे तुला वाचवत नाही. म्हणून थांबायचं, लिहिणाऱ्या डॉक्टरलाच थेट विचारायचं, उत्तर मिळेपर्यंत द्यायचं नाही. तिथल्या नव्या नर्सिंग कायद्याने २०२० पासून तर शुश्रूषेची गरज ठरवणं, तिचं नियोजन करणं अशी काही कामं फक्त पात्र नर्सनेच करायची म्हणून राखून ठेवली आहेत. डॉक्टरसुद्धा ती करत नाही. अशा नर्सकडून गप्प उभं राहण्याची अपेक्षा नसते.

गंमत म्हणजे हेच अंगावर येणारं उलट्या बाजूनेही घडतं. आपल्या मुली तिकडे जातात, आयसीयूत काम केलेल्या, सलाईन लावण्यात हात बसलेल्या. पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात पाण्याचं टब आणि धुण्याचं फडकं येतं. आपल्याकडे जे मावशी-मामांचं काम, ते तिथे नर्सचं काम. काही जणी रात्री घरी फोन करून रडतात, ‘मला आया केलं.’ कुणी त्यांचा अपमान केलेला नसतो. अंग पुसताना त्वचा कुठे लाल झालीय, श्वास कुठे लागतो, कालच्यापेक्षा आज हात किती उचलला जातो, हे सगळं दिसतं, म्हणून ते शिकलेल्या माणसाने करायचं अशी तिथली समजूत आहे. तू या धक्क्याची तयारी केलीस का, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. कर.

अशी एक सकाळ जवळून सांगते. पक्षाघात झालेल्या बाई, डावा हात पडलेला. तू दारावर टकटक करतेस आणि ‘या’ ऐकू येईपर्यंत बाहेर थांबतेस. आडनावाने हाक मारतेस, आदरार्थी. आजी नाही, मावशी नाही. आपल्याकडे ‘आजी’ म्हटलं की म्हातारी खुलते. तिथे परक्या वृद्धेला नर्सने आजी म्हणणं म्हणजे तिचं नाव-गाव पुसून टाकणं मानतात. मग ओलं फडकं तू त्यांच्या उजव्या हातात देतेस. तोंड, मान, छाती त्या स्वतः पुसतात. तू पाठ आणि पाय पुसतेस, प्रत्येक वेळी आधी विचारून. मग ब्लाऊजची बटणं. एका हाताने एक बटण लावायला त्यांना एवढा वेळ लागतो की तुझ्या बोटांना मुंग्या येतात. तू लावून दिलंस तर दहा सेकंदांचं काम. पण तू लावायचं नाही, थांबायचं. पेशंटला जे जमतं ते त्यानेच करायचं, या पद्धतीला तिथे शिक्षणात मोठं स्थान आहे. ‘तुम्ही बसा हो, मी करते’ ही आपली माया तिथे त्या बाईंच्या हातातली उरलीसुरली ताकद काढून घेणारी ठरते.

एजन्सीने पाठवलेली जी पीडीएफ तू सोबत जोडलीस, तीत यातलं काही नाही. वेळेवर जा, जोरात बोलू नका, रविवारी ड्रिल मशीन लावू नका, कचरा वेगवेगळा टाका. सगळं खरं आहे, पण या गोष्टी शेजारीण पहिल्याच महिन्यात दारावर चिठ्ठी लावून शिकवते. जिथे आपण वाईट वागतोय असं आपल्यालाच वाटतं तिथे माणूस जपून असतो. अडतं ते आपण चांगलं करतोय अशी खात्री असते तिथे. पेशंटला वारं लागू नये म्हणून खिडकी लावणं, घास भरवणं, वाईट बातमी लपवणं, मोठ्यांपुढे न बोलणं.

आणि ‘जर्मन लोक असे असतात’ ही यादीच मुळात फसवी. तू जाणार ते श्टुटगार्टकडे, म्हणजे श्वाबियन बोली. वर्गात शिकलेलं जर्मन तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून आलं की तुला पहिले काही दिवस फारसं कळणार नाही. प्रमाण मराठी शिकून आलेल्या माणसाला आपल्या आटपाडीच्या म्हातारीने ‘का लागलंय की वो पोटात’ म्हटल्यावर होईल, तसंच. या भागात अशी म्हणच आहे की रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक झालं. तुझ्या इन्चार्जने महिनाभर शाबासकी दिली नाही तर ती नाराज आहे असं समजू नकोस. आणि १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला, तेव्हा कारखान्यांत आलेली पिढी आता म्हातारी होऊन त्याच हॉस्पिटलांत दाखल होते. त्यांच्या खाटेभोवती सगळं घर गोळा होईल, डबे येतील, आणि मुलगा तुला बाजूला घेऊन सांगेल की बाबांना सांगू नका. तेव्हा तुला मिरजेत आल्यासारखं वाटेल. फक्त कायदा जर्मनीचा असेल, आणि त्या दोन्हींच्या मधे उभी तू असशील. असल्या वेळी यादी कामाला येत नाही. विचारता येणं कामाला येतं.

हे तुला नवं नाही, असं माझं म्हणणं आहे. जमखंडीकडचा पेशंट, ज्याला मराठी जेमतेम कळतं, त्याच्याशी तू रोज काय करतेस? चार कन्नड शब्द टाकतेस, चेहरा वाचतेस, त्याच्या बायकोला विचारतेस की यांना गोळी ताकाबरोबर चालते का. कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या जिल्ह्यात तर याची मोठी परंपरा आहे. खानापूर, आटपाडी, तासगावकडची गलाईवाली माणसं सोनं-चांदी शुद्ध करायच्या धंद्यात पार तामिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत जाऊन राहिली. क्लास लावून भाषा कुणी शिकलं नाही, परीक्षेला बसवलं तर बहुतेक नापास होतील. पण केरळात कर्किडकम महिन्यात लग्नं होत नाहीत, तेव्हा पेढीवर काम मंद असणार, आणि चिंगम लागला की घाई उडणार, हे त्यांना तोंडपाठ. परक्या मुलखात दुसऱ्याचं सोनं हातात घ्यायचं तर माणूस ओळखावा लागतो. (याच केरळातल्या मुली १९६० च्या दशकापासून नर्स म्हणून जर्मनीत जात आल्या आहेत. तुझ्या वॉर्डात एखादी मल्याळी सीनिअर भेटण्याची शक्यता बरीच आहे. तिच्याशी मैत्री कर, फक्त तिच्याच मागे लपू नकोस.)

आता भावाचं म्हणणं. तिकडे गेल्यावर येईल, यात अर्धं तथ्य आहे. सगळं इथे बसून शिकता येत नाही. पण गेल्या गेल्या तू पूर्ण नर्स नसतेस. मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम करावं लागतं. मान्यतेसाठी पुरवणी प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा असते, आणि त्या परीक्षेत तोंडी भागाबरोबर प्रत्यक्ष पेशंटसोबतचा भागही असतो. तिथे तू दार न वाजवता आत गेलीस, न विचारता पांघरूण काढलंस, तर भाषेचे मार्क वाचवायला येत नाहीत. म्हणजे हे भावाला वाटतं तसं वरचं वाढीव काही नसून सिलॅबसमध्येच आहे.

वडिलांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. भेदभाव तिथे आहे. एखादा पेशंट ‘ही नको, दुसरी पाठवा’ म्हणेल, तुझ्या रंगाकडे बघून. ते संस्कृती म्हणून गिळायचं नाही. वॉर्डप्रमुखाला सांगायचं, तारीख-वेळ लिहून ठेवायची. वंश, धर्म, लिंग यावरून कामाच्या ठिकाणी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध तिथे २००६ पासून कायदा आहे आणि दाद मागायला सरकारी कार्यालय आहे. पण सहकाऱ्याने तोंडावर ‘हे चुकलं’ म्हटलं, पुढे-मागे गोड काही न लावता, तर तो बहुधा भेदभाव नसतो. तो स्वतःच्या जर्मन मैत्रिणीलाही तसंच म्हणतो. फरक कसा ओळखायचा? तो बाकीच्यांशी कसा बोलतो ते बघ. तुझ्या मुलाखतीत मात्र मला भेदभाव दिसत नाही. तुला नको म्हणणाऱ्यांनीच जतच्या पोरीला घेतलं.

स्वभाव बदलायचा का? नाही. वागणं काही ठिकाणी बदलायचं, तेही कामापुरतं. ड्यूटीवर बांगड्या, अंगठी, घड्याळ काढावं लागेल, पण तो जंतुसंसर्गाचा नियम आहे, त्याला संस्कृती म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मांस खात नाहीस तर ‘मी खात नाही’ एवढं सांगायचं, कारणं देत बसायचं नाही, कुणी विचारत नाही. आणि एकट्या, मरणाच्या दारात असलेल्या माणसाजवळ काही न बोलता बसून राहता येणं, नातेवाइकाचा चेहरा बघून त्याला खुर्ची देणं, हे तू मिरजेतून नेणार आहेस. त्याची तिथे कुणालाही अडचण होणार नाही.

कोर्स. भाषा उत्तम पण संस्कृतीत कमी, असं सांगणारा आणि संस्कृती विकणारा एकच आहे. ज्या डॉक्टरचं स्वतःचं मेडिकल असतं, त्याच्या चिठ्ठीकडे आपण जरा निरखून बघतो की नाही? तसं बघ. शिकवणार कोण, त्याने तिथल्या वॉर्डात काम केलंय का, प्रसंग उभे करून बोलायचा सराव देणार की स्लाइड दाखवणार, हे विचार. दोन दिवसांत स्लाइडच होतात. जर्मनीत परदेशी नर्सच्या न्याय्य भरतीसाठी सरकारी दर्जाचिन्ह आहे. ते ज्या एजन्सीकडे असतं तिने भरतीचा खर्च नर्सकडून घ्यायचा नसतो, मालकाने करायचा असतो. तुझ्या एजन्सीकडे किंवा तिच्या तिथल्या भागीदाराकडे ते आहे का? भारतात परराष्ट्र मंत्रालयाकडे तिची नोंदणी आहे का? महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवण्याचा करार केल्यापासून आपल्याकडे गल्लोगल्ली ‘जर्मनी’चे फलक लागले आहेत. सगळेच खोटे नाहीत, पण विचारायला लाजू नकोस.

त्याआधी एक कर. मुलाखत घेणाऱ्या हॉस्पिटलला सरळ मेल लिही: नेमकं कुठे कमी पडले, काय सुधारू? एजन्सीला प्रत पाठव. आपल्याला हे आगाऊपणाचं वाटतं. तिथे असं विचारणाऱ्या उमेदवाराबद्दल चांगलंच मत होतं.

या तीन महिन्यांत तुझा स्वतःचा वॉर्डच तुझा वर्ग. मावशींना सांगून रोज एका पेशंटचं स्पंजिंग तू कर, प्रत्येक पायरीला विचारून कर, आणि आजोबा नको म्हणाले तर मुलाकडे न बघता आजोबांशीच बोल. एक वही ठेव. आज कोणता निर्णय कुणी घेतला, पेशंटला कोणी विचारलं का, मी कुठे बोलायला हवं होतं आणि गप्प राहिले. आपलं वागणं स्वतःला दिसू लागलं की दुसऱ्याचं कळायला लागतं. डोसची शंका आली तर एकदा तरी, सगळे गेल्यावर, नम्रपणे सरांनाच विचारून बघ. नोकरी जाईल असं विचारू नकोस म्हणजे झालं.

जतच्या मैत्रिणीवर रुसू नकोस, तिला फोन कर. रोज एक खोटा पेशंट घेऊन एकमेकींना जर्मनमध्ये हँडओव्हर द्या, म्हणजे शिफ्ट बदलताना सांगतात तशी पेशंटची माहिती. एकीने मुद्दाम अर्धवट, भरभर सांगायचं आणि दुसरीने अडवायचं, ‘दास हाबे इश निश्त फेरश्टांडन’, हे मला समजलं नाही. तुझं व्याकरण तिला लागेल, तिचं धीटपण तुला. टेल्क संस्थेची खास नर्सिंगसाठीची बी-वन-बी-टू परीक्षा आहे. ती द्यायची नसली तरी तिचे नमुना प्रश्न बघ, वॉर्डातलेच प्रसंग असतात. मॅक्समुल्लर भवन म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूट चालवतं ते ‘माइन वेग नाख डॉइचलांड’ हे संकेतस्थळ फुकट आहे. आणि तिकडे गेलेल्या मुलींना ‘कसं आहे गं?’ असं विचारू नकोस, ‘मस्त’ एवढंच ऐकायला मिळेल. ‘तुझं पहिलं भांडण कशावरून झालं?’ असं विचार.

असंच अडलेले दुसरेही वाचक असतील. शिरवळ-कुपवाडच्या कारखान्यांतून जपानी शिकून जपान्यांशी बोलणाऱ्या मुलांनी एवढं लक्षात घ्यावं की तिकडून ‘विचार करून बघतो’ आलं तर ते पुष्कळदा नकार असतं, आणि ‘होऊन जाईल साहेब’ हे आपलं लाडकं उत्तर तिथे विश्वास घालवतं. अडचण लहान असतानाच कळवणं तिथे कामाचा भाग मानतात. तासगावच्या द्राक्षवाल्यांना डच खरेदीदार तोंडावर ‘माल खराब आहे’ म्हणाला तर तो संबंध तोडत नसतो, फक्त मालाबद्दल बोलत असतो. पुढच्या आठवड्यात तोच ऑर्डर देतो.

पुढच्या मुलाखतीत प्रश्न त्यांनीच विचारायचे असं नाही. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतात तेव्हा आपल्या मुली ‘नो, थँक यू’ म्हणून मोकळ्या होतात. तू विचार: वॉर्डात आल्यावर मला शिकवणारी नेमलेली व्यक्ती कोण? तिला त्यासाठी ड्यूटीत वेळ राखून दिलाय का? मान्यतेच्या परीक्षेची तयारी कामाच्या वेळेत की सुट्टीत? परदेशी नर्स आधी किती आल्या आणि त्यातल्या किती अजून आहेत? समजून घेणं एकट्या तुझ्या डोक्यावर नाही, त्यांनीही तेवढीच तयारी केलेली असायला हवी. या प्रश्नांना गोलमाल उत्तरं मिळाली तर दुसरं हॉस्पिटल बघ. नर्सची गरज त्यांना आहे.

ते ४०,००० सध्या बँकेतच राहू देत. तिकडे भाड्याच्या घराला तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत अनामत मागू शकतात, आणि पहिला पगार हातात यायला महिना जातो.